गाडी चालू असताना

मित्रांनो, मी ट्रक आहे. जुना आहे, डिझेल पितो, बॉनेटवरचा रंग उडाला आहे आणि उजव्या बाजूचा आरसा दोरीने बांधलेला आहे. पण माझ्या वयाच्या बाकीच्या ट्रकांत हमखास असणारी एक गोष्ट माझ्यात नाही. माझ्या ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी क्लच नाही. तिथे नुसती सपाट जागा आहे आणि तिच्यावर रबरी चटई. या रिकाम्या जागेमुळेच माझ्या आयुष्यात जे काही घडायचं ते घडलं.

साध्या ट्रकाचा गिअर बदलायचा तर ड्रायव्हरला डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो आणि हाताने दांडा ओढावा लागतो. मला त्याची गरज नाही. माझे गिअर माझे मीच बदलतो. माझ्या गिअरबॉक्समध्ये लाल, पातळ तेल असतं. एक पंप ते आतल्या आत जोराने फिरवतो आणि त्या तेलाच्या दाबाने एकेक गिअर पडत जातो. इतर ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं ते फक्त झीज होऊ नये म्हणून. माझ्यात मात्र सगळं काम तेलच करतं. तेल कमी झालं की माझं इंजिन कितीही ओरडलं तरी चाकांपर्यंत काही पोचत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हा थाट मला मिळाला तो माझ्या पहिल्या नोकरीमुळे. मी नागपूरच्या विमानतळावर होतो. विमानात जेवण पोचवणं हे माझं काम. माझ्या पाठीवरची मोठी पेटी लोखंडी कैचीवर चढत चढत थेट विमानाच्या दारापर्यंत जायची. विमानाजवळ जाताना इतकं हळू सरकावं लागे, की क्लचवाल्या गाडीने दोन गचके खाल्ले असते आणि विमानाला खोक पाडली असती. मी मात्र लोण्यात सुरी जावी तसा सरकायचो. हो, थोडी ऐट आहे माझ्यात. ज्याने विमानाच्या दाराशी उभं राहून काम केलं त्याला एवढी असायचीच.

माझे ड्रायव्हर होते शेषराव ढोबळे. अंगाने आडवे, आवाजाने मोठे, मनाने मऊ. त्यांना दोन मुलगे होते, मुलीची हौस राहून गेली होती. ती त्यांनी माझ्यावर भागवून घेतली. मी ट्रक, म्हणजे खरं तर 'तो'. पण ते मला गाडी म्हणत, म्हणजे मी 'ती' झालो, आणि पुढे 'माझी लेक' झालो. मी कधी हरकत घेतली नाही. कुणी मायेने हाक मारत असेल तर व्याकरण काढून बसू नये असं मला वाटतं.

रोज कामाला लागायच्या आधी शेषराव इंजिन सुरू करून मला चांगलं तापू देत. मग इंजिन तसंच ठेवून बॉनेट उघडत, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून काढत, पुसत, पुन्हा बुडवत आणि पाहत. हे तेल असंच पाहायचं असतं. इंजिन बंद केलं की आत फिरणारं तेल खाली उतरून तळाशी साचतं. अशा वेळी पट्टी बुडवली तर ती काठोकाठ भरल्यासारखी दिसते. खरं तेल किती आहे ते इंजिन सुरू असतानाच कळतं.

पुढे विमानतळावर नवे ट्रक आले. माझी कैची काढली, पेटी काढली, आणि मला मागच्या आवारात एका कडुनिंबाखाली उभं केलं. कावळ्यांनी माझ्या टपाची काय दशा केली ते विचारू नका. त्याच सुमारास शेषराव निवृत्त झाले. तरी ते अधूनमधून येत, काचेवरची धूळ गमछाने पुसत आणि परत जात. शेवटी माझा लिलाव झाला.

मला न्यायला आले ते तुकोजी. डाव्या पायाने लंगडत, कपाळाला गोपीचंदन, हातात पितळी डबा. ते कुंभकोणमचे. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांचे पूर्वज तिकडे गेले आणि तिकडचेच होऊन राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. तुकोजींची धाकटी बहीण अंबुजा लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेते आणि तुकोजी तिचा टेम्पो चालवत. एका लग्नात भांडी उतरवताना भांड्यांची रास त्यांच्या गुडघ्यावर घसरली. तेव्हापासून तो गुडघा वाकत नाही. क्लच दाबता येईना, म्हणजे टेम्पो सुटला. मग ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात विळीवर नारळ खवत बसू लागले. अंबुजाने त्यांना तसं कधीच सांगितलं नव्हतं. ते आपणहून बसले, आणि हळूहळू बोलायचे थांबले. भावाची ती पाठमोरी आकृती बघवेना, म्हणून अंबुजाने बिनक्लचचा ट्रक शोधायचा ध्यास घेतला आणि शोधत शोधत माझ्यापर्यंत पोचली.

तुकोजी आवारात आले आणि तिथल्या कारकुनाशी मराठीत बोलू लागले. "मी कुंभकोणाहून आलों. वाहन कोठें ठेविलें आहे?" कारकून हसला. "हे कुठलं मराठी हो काका? नाटकातलं पाठ करून आलात का?" कारकून वाईट नव्हता, त्याला नुसती गंमत वाटली होती. पण तुकोजींचा चेहरा पडला तो मी पाहिला. लहानपणापासून त्यांनी ऐकलं होतं की ही आपली भाषा, आपण मूळचे तिकडचे. आणि जन्मात पहिल्यांदा 'तिकडे' आले तर पहिल्याच वाक्याला हसू झालं. त्यानंतर ते मोजकंच बोलले आणि प्रत्येक गोष्टीला मान हलवत राहिले.

मला सासरी धाडायला शेषराव आले होते. माझी बॅटरी चार्ज करायला काढून नेली होती, म्हणून इंजिन सुरू करून दाखवता येईना. सगळं त्यांनी तोंडी सांगितलं. हवा किती, ब्रेक कसा, दिवे कुठले. शेवटी तेलाची पट्टी बाहेर काढून तिच्यावरच्या दोन खुणांवर बोट ठेवलं.

"बाकी सगळं विसरलात तरी चालते बाप्पा, पण हे गिअरचं तेल गाडी चालू असताना पाहत जा. रोज पाहा. एवढं केलं तर ही पोरगी तुमाले कधी दगा देणार नाही."

"सरी," तुकोजी म्हणाले. तिकडे बरं म्हणायचं असलं की 'सरी' म्हणतात. "नक्की पाहतों." आणि त्यांनी मान हलवली.

शेषरावांनीही मान हलवली. दोघांचे डोळे भरून आले होते. मी निघालो तेव्हा शेषराव फाटकापर्यंत माझ्या बरोबर चालत आले आणि मागच्या फळीवर थाप मारून थांबले.

कुंभकोणमला आल्यावर माझे पहिले काही दिवस गोंधळातच गेले. अंबुजाबाई पहिल्याच सकाळी ओरडल्या, "दोन अंडा चढवा वंडीत!" वंडी म्हणजे मी, हे कळलं. पण या कडकडीत शाकाहारी, तुळशीमाळ घातलेल्या घरात अंडी? आणि दोनच? तेवढ्यात चार माणसं धापा टाकत दोन प्रचंड पातेली घेऊन आली. तिकडे त्या भांड्याला अंडा म्हणतात. माझे टायर त्या दिवशी चांगलेच दबले.

मग मात्र माझे सुखाचे दिवस सुरू झाले. आज साक्कोट्टैला मुंज, उद्या चोळपुरमला लग्न, परवा तिरुप्पनंदाळला कुणाची षष्ट्यब्दी. माझ्या पाठीवर सांबार, भात, डांगर पचडी, पायसम आणि केळीच्या पानांच्या मोळ्या. गचका न देता गिअर बदलणं माझ्या अंगवळणी पडलेलं, त्यामुळे भरल्या भांड्यातलं सांबार हिंदकळतसुद्धा नसे. लग्नघरची माणसं झाकण उघडून पाहत आणि तुकोजींकडे वळून पाहत. तमिळ लोक मराठी माणसाला आदराने रायर म्हणतात. 'रायरांची वंडी' असं माझं नाव गावभर झालं. शाळेतली मुलं येऊन क्लचच्या जागी वाकून पाहत आणि तुकोजी त्यांना मोठ्या रुबाबात सांगत, "आमची वंडी शहाणी. तिला लाथ मारावी लागत नाही."

विळी कोपऱ्यात पडून राहिली. तुकोजी पुन्हा बोलू लागले, गाऊ लागले, बहिणीला चिडवू लागले. अंबुजाबाई चिडल्यासारखं करत आणि माझ्याकडे पाहून हसत.

तुकोजींची सकाळ माझ्यापासून सुरू होई. फरशी धुतली की ते लिंबावर कापूर लावत, माझ्या पुढून ओवाळत आणि "पांडुरंगा, सांभाळ" म्हणत. पूजेआधी चावीला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. आणि पूजेचाच भाग म्हणून ते बॉनेट उघडून गिअरच्या तेलाची पट्टी काढत, उजेडात धरत आणि समाधानाने परत ठेवत. इंजिन तेव्हा गार, झोपलेलं. रोज असं. एक दिवस चुकला नाही.

मित्रांनो, चूक होत होती ती ही. शेषराव काय म्हणाले ते मी कानांनी ऐकलं होतं, आणि तुकोजी भलत्याच वेळी तेल पाहत होते. पण हॉर्नशिवाय मला आवाज नाही, आणि हॉर्नही कुणी दाबला तरच. तेल पूर्ण होतं तोवर काही बिघडलंही नाही. भरलेलं भांडं कसंही पाहिलं तरी भरलेलंच.

दर दसऱ्याला शेषरावांचा फोन येई. "माझी लेक कशी आहे?" एवढंच विचारत. "बरी आहे. काल आयुधपूजेला हार घातलों," तुकोजी सांगत. मग पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे, आणि ते फोन ठेवत.

अशी बरीच वर्षं गेली. मग माझ्या पोटाशी असलेली एक रबरी नळी चिरली. गिअरबॉक्सचं तापलेलं तेल ती रेडिएटरकडे गार व्हायला नेते. चीर केसाएवढी होती. इंजिन बंद असलं की टिपूसही गळत नसे. धावू लागलो की दाबाने थेंब थेंब उडे आणि वाऱ्याने मागे सांगाड्यावर जाऊन बसे. घरासमोरच्या फरशीवर कधी एक डाग पडला नाही. माझं तेल रस्त्यारस्त्यावर सांडत राहिलं आणि सकाळी पट्टी म्हणत राहिली, भरलेलं आहे.

पहिल्यांदा मी दगा दिला तो तिरुप्पनंदाळच्या वाटेवर. वळणावर इंजिन एकदम ओरडलं आणि चाकं ढिली पडली. क्षणभरच. तुकोजी दचकले. मग ते वारंवार होऊ लागलं. सकाळी गार असताना मी ठीक चालायचो. तापलो, की फाटकाशी थांबून पुन्हा निघताना कितीतरी वेळ नुसता गुरगुरत उभा राहायचो. आणि एका लग्नाच्या दिवशी कावेरीच्या पुलाचा चढ मला चढवेना. तुकोजींनी पाय दाबून धरला, इंजिन गळा काढून ओरडलं आणि मी जागच्या जागी राहिलो. मागे गाड्यांची रांग लागली. सांबार लग्नघरी रिक्षांतून गेलं. तुकोजी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून होते, आणि मला अतोनात लाज वाटत होती.

मला साक्कोट्टै रस्त्यावर गुरुमूर्तींच्या वर्कशॉपमध्ये ओढून नेलं. गुरुमूर्ती हे नेक मेकॅनिक. बिघाड नसताना बिघाड सांगणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी आधी डिझेलचा फिल्टर पाहिला. तो स्वच्छ होता. चाकं उचलून ब्रेक धरून राहतोय का ते पाहिलं. चाकं मोकळी होती. इंजिनाचा जोर पाहिला. तो होता.

"गिअरबॉक्सचं तेल?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"रोज पाहतो," तुकोजी तमिळमध्येच म्हणाले. "फरशीवर थेंबसुद्धा नाही."

गुरुमूर्तींनी तरीही स्वतः पट्टी काढून पाहिली. इंजिन बंद. साध्या गिअरबॉक्सचं तेल तसंच पाहतात, आणि त्यांच्या हातून आयुष्यभर तसलेच गिअरबॉक्स गेले होते. पट्टी भरलेली दिसली. माझ्या सांगाड्यावरची ओशट धूळ त्यांनी बोटाने पुसली आणि जुन्या गाडीवर असायचीच म्हणून सोडून दिली.

"रायरे, खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "बाहेर काही दोष नाही, तेल भरलेलं आहे, म्हणजे बिघाड आतच. आतल्या प्लेटा झिजल्या असणार. हा गिअरबॉक्स उघडणारं इथे कुणी नाही. चोळपुरमचं लग्न तोंडावर आहे. तुम्ही म्हणाल तर साधा गिअरबॉक्स बसवतो, दांड्याचा, क्लचचा. गाडी पुन्हा धावेल."

गाडी धावेल. म्हणजे मी धावेन. पण त्या सपाट जागेवर क्लच येईल, आणि तुकोजींचा डावा पाय तो दाबू शकणार नाही. माझ्या सीटवर दुसरं कुणी बसेल. हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं होतं. अंबुजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. लग्नघरी शब्द दिलेला, कामावरची माणसं त्यांच्या भरवशावर. शेवटी तुकोजीच म्हणाले, "सरी. बसवा." मला हळूहळू घरी आणलं. त्या संध्याकाळी कोपऱ्यातून विळीचा आवाज आला. नारळ खवल्याचा तो खर-खर आवाज मी कुंभकोणमला आल्यापासून तुकोजींच्या हातचा कधी ऐकला नव्हता.

ठरलेल्या सकाळी गुरुमूर्ती त्यांच्या माणसांना घेऊन आले. हातगाडीवर तो दुसरा गिअरबॉक्स होता. अंबुजाबाईंनी सगळ्यांना कॉफी दिली. तुकोजींनी नेहमीप्रमाणे कापूर ओवाळला, पट्टी काढली, पाहिली, परत ठेवली. मग बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"अण्णा," अंबुजाबाई म्हणाल्या, "नागपुरास कळविलां काय?"

"कोण्या तोंडानें कळवूं? त्यांनीं लेक म्हणोन दिली, मी तिचें असें करून ठेविलों."

"लेक सासरीं आजारी पडली तर माहेरीं सांगत नाहींत काय? पोट फाडायच्या आधीं तरी सांगावें."

अंबुजाबाईंनी तुकोजींच्या खिशातला फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. फोनचा आवाज मोठा होता, आणि शेषरावांचा त्याहून मोठा.

"बोला बाप्पा! दसऱ्याले तर वेळ आहे अजून. पोरगी बरी आहे ना?"

"बरी नाहीं, शेषराव. आज तिचा गिअरबॉक्स काढितात."

"काहून? झालं काय?"

"चढावर इंजिन ओरडतें, चाकें ऐकत नाहींत. वळणावर सोडून देते. थांबून निघतांना उशीर करिते."

"तेल पाह्यलं का?"

"रोज पाहतों. आतांच पाहिलों. काठोकाठ आहे."

"चालू असतानाच पाह्यलं ना?"

"होय की. चालू होती तेव्हांही रोज पाहिलों. आतां चालू नाहीं, तरीही पाहतों."

"अहो, बंद असताना नाही पाहायचं. चालू असताना!"

"चालू कोठें आहे? बंद पडली म्हणोन तर तुम्हांस सांगतों."

"मग चालू करा ना, अन् पाहा!"

"चालू करावयासच गुरुमूर्ती आलेत, शेषराव. गिअरबॉक्स बदलून."

दोघेही घायकुतीला आले होते. दोघेही मराठीत बोलत होते आणि एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. गुरुमूर्ती कॉफीचा पेला हातात धरून एकदा फोनकडे आणि एकदा तुकोजींकडे पाहत होते. त्यांना मराठीचा शब्दही येत नाही, तेव्हा त्या क्षणी तिघांत त्यांचीच स्थिती बरी म्हणायची.

शेषरावांनी मोठा श्वास घेतल्याचं ऐकू आलं. आणि मग फोनमधून वेगळाच आवाज आला. "घुर्र-घुर्र-घुर्र-टक. घुर्र-घुर्र-घुर्र-टक."

मित्रांनो, तो माझा आवाज होता. जागच्या जागी उभं राहून इंजिन धडधडताना मी तसाच बोलतो. तीन घुर्रांनंतर एक टक, ही माझी जन्मखोड. एवढ्या वर्षांनी, एवढ्या लांबून, तो म्हातारा तोंडाने हुबेहूब माझं इंजिन वाजवत होता.

तुकोजींचे डोळे मोठे झाले. "इंजिन असें बोलत असतां पाहावें?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो बाप्पा! असं बोलत असताना. यालेच तर चालू म्हणते!"

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी नागपूरच्या आवारात तुकोजींनी काय ऐकलं होतं. 'गाडी चालू असताना तेल पाहत जा' म्हणजे, गाडी कामावर आहे, धंदा सुरू आहे, तोवर दररोज तेल पाहत जा. हेच त्यांनी मनापासून पाळलं होतं. त्यांचे पूर्वज मराठी घेऊन तंजावरला गेले तेव्हा जगात इंजिन म्हणून काही नव्हतंच. घरात ते इंजिनाला स्टार्ट करा म्हणतात. चालू या शब्दाला महाराष्ट्रात मागाहून फुटलेला अर्थ कुंभकोणमला कुणी पोचवलाच नव्हता. एक प्रश्न विचारला असता तर पोचला असता. पण कारकून हसला होता, आणि आपल्याच भाषेतलं एक वाक्य आपल्याला कळलं नसेल अशी शंका घ्यायचंही तुकोजींच्या मनात आलं नाही.

त्यांनी फोन बहिणीच्या हातात दिला, लंगडत येऊन चावी फिरवली आणि मला तापू दिलं. मग उतरून, इंजिन तसंच ठेवून, पट्टी ओढली. पुसली. बुडवली. पुन्हा ओढली. पट्टी कोरडी होती. अगदी टोकाला तेवढा एक लाल थेंब.

गुरुमूर्तींनी पेला खाली ठेवला. पट्टी हातात घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले. "तेल नाहीच," ते म्हणाले. "पण रायरे, लगेच आशा धरू नका. कोरड्याने फिरून आतल्या प्लेटा जळल्या असतील तर तेल घालूनही उपयोग नाही. जळल्या असतील तर तेल काळं पडतं आणि वास येतो."

"वास मी पाहतें," अंबुजाबाई म्हणाल्या. कुठल्या कढईतलं तेल उद्याला ठेवायचं आणि कुठलं टाकून द्यायचं, हे त्या घरात त्यांचं नाक ठरवतं. त्यांनी तो थेंब बोटावर घेतला, उजेडात धरला आणि हुंगला. मग दुसऱ्यांदा हुंगला. तुकोजी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"करपलें नाहीं, अण्णा," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.

मी सुरू असतानाच गुरुमूर्ती माझ्याखाली शिरले. थोड्या वेळाने खालून त्यांचा आवाज आला, "सापडलं." चिरलेली नळी काढली, नवी बसवली, फिल्टर बदलला, सांगाड्यावरची ती ओशट धूळ धुऊन काढली. मग लाल तेल घालत गेले, मला तापवत गेले, पट्टी पाहत गेले. शेषराव फोनवरून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होते, आणि ते आता सगळ्यांना कळत होतं.

तुकोजी मला कावेरीच्या पुलावर घेऊन गेले. शेजारी गुरुमूर्ती बसले होते. चढ सुरू झाला तेव्हा तुकोजींनी "पांडुरंगा" एवढंच म्हटलं. मला आतून जोर चढताना जाणवला, तेलाचा दाब भरला, गिअर पडला आणि मी चढ चढून गेलो. तुकोजींचा डावा पाय त्या सपाट चटईवर निवांत पडून होता. गुरुमूर्तींनी तो दुसरा गिअरबॉक्स हातगाडीवर जसा आणला होता तसाच परत नेला, आणि जाताना माझ्या बॉनेटवर दोनदा थापटलं.

घरी आल्यावर तुकोजींनी शेषरावांना फोन केला. "शेषराव, त्या दिवशीं तुमचें पुष्कळ मला समजलें नव्हतें. तरीही मी मान हलविलों."

शेषराव हसले. "मले तरी तुमचं कुठं समजलं होतं? तुम्ही काय काय बोलत होते, अन् मी हो हो करत होतो. म्हटलं, इतक्या दुरून मराठी बोलत आलेला माणूस, त्याले काय विचारायचं पुन्हा पुन्हा!"

त्यानंतर ते दसऱ्याची वाट पाहत बसले नाहीत. आता तुकोजी वरचेवर फोन करतात. पहिल्याच वेळी त्यांनी नवीन शिकलेला शब्द वापरायचा ठरवला आणि मोठ्या काळजीने विचारलं, "शेषराव, तुम्ही चालू आहां ना?" आता महाराष्ट्रात चालू माणूस कुणाला म्हणतात ते तुम्हाला माहीतच आहे. शेषराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आमच्या घरचेही हेच म्हणते!" ते म्हणाले. मग त्यांनी तो अर्थ समजावून सांगितला, तुकोजींनी तो दोनदा विचारून घेतला, आणि तरीही दर वेळी मुद्दाम तेच विचारतात.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. नळ्या जुन्या, टप गंजलेला. कधीतरी माझाही चढ संपेल. पण तुम्हाला एक मागणं आहे. घरातली गाडी असो, गिरणी असो की म्हातारं माणूस असो, ते बंद पडल्यावर पाहायला सगळेच धावतात. तुम्ही ते चालू असताना पाहत जा. तुकोजींच्या अर्थानेही पाहा आणि शेषरावांच्या अर्थानेही. आणि कुणी काही सांगितलं आणि कळलं नाही, तर मान हलवू नका. पुन्हा विचारा. समोरचा हसला तर हसू द्या.

शेषरावांना हल्ली नीट दिसत नाही. सकाळी पूजा झाली की तुकोजी चावी फिरवतात, मला तापू देतात, पट्टी पाहतात, आणि कधी कधी फोन लावून माझ्या बॉनेटजवळ धरतात. मी माझं नेहमीचं बोलत असतो, तीन घुर्र आणि एक टक. पलीकडे शेषराव बराच वेळ कान देऊन ऐकतात. मग म्हणतात, "चालू आहे."

"सरी," तुकोजी म्हणतात, आणि आम्ही कामाला निघतो.